पाचवे चाक राखून ठेवावे की फिरवावे?

स्मरणिकेसाठी एखादा लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. वस्तू व सेवा कर, साठ्याची मर्यादा, वायदेबाजार इत्यादी गहन विषयांवर लिहिणाऱ्या आमच्याहून अधिकारी लेखण्या आपल्या संघात आहेत. आम्ही पडलो धान्याचे घाऊक व्यापारी. मॅट्रिकच्या पलीकडे आमची मजल गेली नाही. तेव्हा ज्या प्रश्नावर आपल्या बंधूंमध्ये प्रत्यक्ष मतभेद आहे आणि ज्याचा निर्णय मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकाला वर्षा-दीड वर्षातून एकदा तरी करावा लागतो, असा एक लहानसा विषय आम्ही निवडला आहे. तो असा की, मोटारीच्या टायरांची ठरावीक अंतराने अदलाबदल करताना स्टेपनीलाही त्या फेऱ्यात घ्यावे, की तिला राखीव म्हणून बाजूस ठेवावे?

विषय वाचून काही बंधू स्मित करतील. परंतु आपण दिंडोलीकर आहोत, हे त्यांनी क्षणभर ध्यानात घ्यावे. दिंडोली, उधना, लिंबायत या भागांतील मराठी घरांची मुळे बहुतांशी खानदेशात आहेत. लग्नकार्य असो, आजारपण असो, की वडिलार्जित शेतीची वाटणी असो, आपली पावले ताप्ती खोऱ्याच्या दिशेने वळतात. उधना-जळगाव रेल्वेचा आधार आहेच; तथापि हल्ली कुटुंबासह जाणे झाले की मंडळी स्वतःची गाडी काढतात. व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारीचा घाट, साक्री, धुळे हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ आपल्याला घरच्या अंगणासारखा वाटतो. मांगी-तुंगीच्या यात्रेस जाणारेही नवापूरवरून पिंपळनेर, ताहाराबाद असेच जातात. या वाटेवर रात्रीच्या वेळी, श्रावणाच्या पावसात, गाडीत वृद्ध आई आणि लहान मुले असताना टायर बसले, तर त्या क्षणी आपले सर्वस्व त्या एका पाचव्या चाकावर अवलंबून असते. ते चाक कोणत्या अवस्थेत आहे हे आपल्याला ठाऊक असते काय, हाच खरा प्रश्न आहे.

प्रथम थोडे नावाविषयी. ‘स्टेपनी’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो एखाद्या गावच्या रस्त्याचा आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही. वेल्स प्रांतातील लानेली या गावी स्टेपनी नावाची एक रस्त्याची पेठ आहे. तेथे टॉमस मॉरिस डेव्हिस नावाच्या गृहस्थाने १९०४ साली, आरे नसलेले, केवळ धाव आणि तिच्यावर फुगविलेले टायर एवढेच असलेले एक जादा चाक तयार केले. त्या काळच्या मोटारींना राखीव चाक नसे. टायर फुटले की रस्त्यातच ते उतरवून ठिगळ लावीत बसावे लागे. डेव्हिस यांचे चाक फुटलेल्या चाकावर बाहेरून जखडून टाकायचे आणि मुक्कामापर्यंत जायचे, अशी योजना होती. पुढे सुटे होणारे चाक सर्वत्र आले व ती योजना मागे पडली. विलायतेत शब्दही विस्मृतीत गेला. आपल्या देशात आणि भूमध्य समुद्रातील माल्टा बेटात मात्र तो अद्याप नांदत आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. गाडीची चारही टायरे सारखी झिजत नाहीत. अँबॅसडर व पद्मिनी या गाड्यांत यंत्राची ओढ मागील चाकांवर असे. १९८३ साली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तेव्हापासून पुढील चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांची रीत आपल्याकडे वाढत गेली. अशा गाडीत इंजिनाचे वजन पुढे, ओढ पुढे, वळविण्याचे काम पुढे आणि ब्रेकचा मोठा भारही पुढे. साहजिकच पुढील टायरे मागील टायरांच्या आधी संपतात. शिवाय आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. चौकातील वर्तुळाला वळसा घालताना गाडी उजवीकडे वळते व भार डाव्या टायरांवर येतो. सुरतेत अशी वर्तुळे किती आहेत, हे आम्ही सांगावयास नको. ही असमान झीज वाटून घेण्यासाठी दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायरांच्या जागा बदलाव्यात, याविषयी कोणाचा वाद नाही. वाद आहे तो पाचव्याविषयी.

आमच्या धंद्यातील उदाहरण घ्यावे. वखारीत गोण्यांची थप्पी लागते. नवा माल येतो, तो पुढे रचला जातो आणि हमाल हाताला लागेल ती गोणी उचलतो. मालकाने लक्ष घातले नाही तर मागच्या कोपऱ्यातील दादर ज्वारीची थप्पी वर्षानुवर्षे तशीच राहते आणि एके दिवशी उघडून पाहावे तो आत टोके व भुकटी. माल विकला गेला नाही, कोणी खाल्ला नाही, तरी गेला. म्हणूनच जुना माल आधी काढावा आणि थप्पी अधूनमधून उलथी करावी, हा आमच्या वाडवडिलांचा नेम. स्टेपनी म्हणजे मागच्या कोपऱ्यातील तीच थप्पी होय.

हिशेब मांडून पाहू, कारण आपण व्यापारी आहोत व तोंडच्या गोष्टीवर आपला विश्वास बसत नाही. समजा, एक टायर रस्त्यावर ४०,००० किलोमीटर चालते. चारच टायरे फिरविली तर चाळीस हजारांवर चारही संपतात आणि स्टेपनी कोरी राहते. पाचही फिरविली व दर १०,००० किलोमीटरला फेर केला, तर प्रत्येक टायर चार पाळ्या रस्त्यावर धावते, एक पाळी विश्रांती घेते आणि पाचही टायरे एकदम ५०,००० वर संपतात. ऐकणाऱ्यास वाटते की दहा हजारांचा निव्वळ नफा झाला. पण सबुरीने घ्यावे. गाडी दोन लाख किलोमीटर चालवायची आहे असे धरा. पहिल्या रीतीने ४०, ८०, १२० आणि १६० हजारांवर चार-चार, म्हणजे एकूण १६ टायरे विकत घ्यावी लागतील. दुसऱ्या रीतीने ५०, १०० आणि १५० हजारांवर पाच-पाच, म्हणजे १५. फरक फक्त एका टायरचा! आणि ते एक टायर कोणते, तर पहिल्या रीतीत शेवटपर्यंत कोरे राहून म्हातारे झालेले ते पाचवे. पाचवे चाक फिरविल्याने नवे धन उत्पन्न होत नाही. पडून राहिलेले भांडवल तेवढे उपयोगात येते. काही गॅरेजवाले ‘टायरचे आयुष्य पावपट वाढते’ असे सांगतात, ते अर्धसत्य आहे. एकदम पाच टायरांचा खर्च येतो, हे ते सांगत नाहीत.

मग एवढ्या एका टायरसाठी ही यातायात कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, पैशाचा लाभ लहान आहे, पण तो या व्यवहारातील मुख्य लाभच नव्हे. आमच्याकडे पूर्वी एक वयस्क चालक होते. ते म्हणत, “शेठ, स्टेपनी कोरी आहे, तिला कशाला घासवायची? अडचणीच्या वेळी कोरीच बरी.” या म्हणण्यात वरवर पाहता फार तथ्य आहे आणि आजही आपल्यातील बहुसंख्य बंधूंचे मत हेच आहे. परंतु कोरे टायर आणि नवे टायर यांत अंतर आहे. रबर हा झाडाच्या चिकापासून अथवा खनिज तेलापासून केलेला पदार्थ. हवेतील प्राणवायू व उष्णता त्याला आतून कठीण आणि ठिसूळ करीत राहतात. गाडी चालो अथवा उभी राहो, हे कार्य थांबत नाही. रस्त्यावर फिरणाऱ्या टायरकडे आपण रोज पाहतो. त्याची हवा तपासली जाते. त्यावर भेग पडली तर दिसते. डिकीच्या तळाशी, गालिच्याखाली झाकलेल्या टायरकडे कोण पाहतो? काही मोठ्या गाड्यांत, उदाहरणार्थ इनोव्हा व अर्टिगा, ते गाडीच्या पोटाखाली टांगलेले असते. तेथे चिखल, पाणी आणि रस्त्याची धग यांचा त्यावर अखंड अभिषेक चालू असतो.

टायरचे वय ओळखणे मात्र सोपे आहे. कडेवर इंग्रजी ‘डॉट’ या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढील दोन वर्षाचे. २३१९ असे असेल तर ते टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेले. पाच वर्षे झाल्यावर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनी, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, स्टेपनीसह सर्व टायरे काढून टाकावीत, असे टायर कंपन्याही सांगतात. काही मोटार कंपन्या तर सहाच वर्षांची मर्यादा घालतात. आपल्या सुरतेचा उन्हाळा पाहता आम्ही स्वतः सहा-सात वर्षांच्या पलीकडे जाऊ नये या मताचे आहोत.

आमच्या एका स्नेह्यांची हकीकत येथे सांगणे अवश्य वाटते. साक्रीस लग्नाला निघाले होते; गाडीत बायकामुले. कोंडाईबारीच्या अलीकडे मागील टायर बसले. भर पावसात त्यांच्या मुलाने स्टेपनी चढविली. ती गाडीबरोबर आलेली, आठ वर्षांची, रस्ता कधीही न पाहिलेली. नक्षी इतकी ताजी की पाहणाऱ्याने नवी म्हणावी. पंधराएक किलोमीटर गेल्यावर गाडी थरथरू लागली. उतरून पाहतात तो टायरच्या कडेला नारळाएवढा फुगा आणि वरची नक्षी पट्टीसारखी सुटलेली. वेग कमी होता म्हणून निभावले. मंडळी तीन तास रस्त्याच्या कडेला छत्र्या धरून उभी होती. लग्नातील सीमंतपूजन त्यांच्यावाचून आटोपले. या आठ वर्षांत त्यांनी चार टायरांचा संच एकदा बदलला होता, तेव्हा पाचव्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. त्यांनी पाचही चाके फेऱ्यात ठेवली असती तर ते टायर केव्हाच झिजून, बदलून गेले असते. आम्ही पाचव्या चाकाच्या बाजूने का बोलतो, त्याचे कारण एवढेच आहे. फेऱ्यातील स्टेपनी कोरी नसते, पण ती चालती असते. तिच्यात हवा आहे, तिचे नट निघतात, जॅक व पाना जागेवर आहेत, हे दर दहा हजार किलोमीटरला आपोआप सिद्ध होते.

फेर कसा करावा? पुढील चाकांनी ओढणाऱ्या गाडीत पुढची टायरे सरळ मागे न्यावीत, मागची तिरपी पुढे न्यावीत. स्टेपनी मागे उजवीकडे बसवावी, आणि जे टायर एरवी मागे उजवीकडे गेले असते, म्हणजे पुढील उजवे, ते स्टेपनीच्या जागी ठेवावे. क्रम असा होतो : मागील उजवे पुढे डावीकडे, पुढील डावे मागे डावीकडे, मागील डावे पुढे उजवीकडे, पुढील उजवे डिकीत, डिकीतील मागे उजवीकडे. जिज्ञासूंनी कागदावर मांडून पाहावे. पाच फेरांत प्रत्येक टायर पाचही जागा पाहून येते. मागील चाकांनी ओढणाऱ्या गाडीत, जसे बोलेरो पिकअप, याच्या उलट : मागची सरळ पुढे, पुढची तिरपी मागे, आणि पुढील डावे डिकीत. चाके बसविल्यावर हवा त्या त्या जागेच्या मापाची करावी आणि ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत. ही शेवटची गोष्ट आपले लोक हटकून विसरतात.

आता ज्यांनी हे करूच नये, त्यांच्याविषयी. पहिली अट ही की पाचवे चाक इतर चारांसारखेच हवे : मापाने, जातीने आणि शक्यतो कंपनीनेही. हल्ली अलॉयच्या रिमा असलेल्या पुष्कळ गाड्यांत कंपनी लोखंडी व एका इंचाने लहान स्टेपनी देते. काहींत तर बारीक, तात्पुरती स्टेपनी असते; तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते व तीत ६० पाउंड हवा लागते. अशी स्टेपनी फेऱ्यात घेणे म्हणजे मापात पाप होय. ती पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरती. ज्या टायरांच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, त्यांचीही डावी-उजवी अदलाबदल होत नाही.

दुसरी अट आरंभाची. गाडी नवी असतानाच, अथवा पाचही टायरे एकदम नवी घेतली असतानाच, हा क्रम सुरू करावा. तीस हजार किलोमीटरनंतर एकाएकी कोरी स्टेपनी झिजलेल्यांत आणून बसविली तर काय होईल? कोऱ्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर, झिजलेल्याची ३. म्हणजे व्यासात १० मिलिमीटरचा फरक. ६०० मिलिमीटर व्यासाच्या चाकात याचा अर्थ दर किलोमीटरला सुमारे नऊ फेऱ्यांचा फरक. साध्या गाडीत हे काही काळ निभते. चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत मात्र यंत्राच्या आतील दात्यांना त्याची शिक्षा भोगावी लागते. अशा वेळी जुन्या संचाचा शेवट होऊ द्यावा. मग तीन टायरे नवी घेऊन चौथ्या जागी ती कोरी स्टेपनी, वयाने तरुण असेल तर, लावावी आणि जुन्यांतील उत्तम टायर राखीव ठेवावे. हिशेबाच्या दृष्टीने हाही मार्ग वाईट नाही. त्या एका टायरची किंमत यातही वसूल होते.

तिसरे, ज्यांची गाडी घर ते पेढी एवढीच जाते त्यांनी या भानगडीत पडू नये. रोजचे १५ किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ४,५०० किलोमीटर. अशा गाडीची टायरे झिजण्यास जवळजवळ नऊ वर्षे लागतील. त्याआधी ती वयानेच संपतील, आणि पाचवेही त्यांच्याबरोबरच. त्यांनी महिन्यातून एकदा हवा तेवढी तपासावी, स्टेपनीचीही. कारण पंक्चर नसतानाही टायरमधून महिन्याकाठी साधारण एक पाउंड हवा निसटत असते. दोन वर्षे न पाहिलेल्या स्टेपनीत काय उरले असेल, ते ज्याचे त्याने ताडावे. गॅसवर चालणाऱ्या गाडीत टाकीच्या खाली स्टेपनी अडकलेली असते. ती निघते कशी, हे घरीच एकदा काढून पाहून ठेवावे.

मालमोटारींचा विषय निराळा, आणि आपल्या पुष्कळ बंधूंचा पोटापाण्याचा. सहा चाकी ट्रकच्या मागील बाजूस जोडटायरे असतात. जोडीतील दोहोंचा व्यास समान नसेल तर मोठे टायर सगळा भार उचलते आणि लहान नुसते रस्त्यावर घासत जाते; दोन्ही लवकर मरतात. शिवाय पुढे सरळ रेघांचे आणि मागे आडव्या ठोकळ्यांचे टायर लावण्याची रीत आहे. एकच स्टेपनी दोन्हीकडे जुळत नाही. म्हणून ट्रकची स्टेपनी मोटारीप्रमाणे नियमाने फिरविण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. पण आपल्या वाहतुकीच्या धंद्यात जी दुसरी रीत पडली आहे, की सर्वांत निकामी टायर तेच स्टेपनीला टांगायचे, तिचा आम्ही स्पष्ट निषेध करतो. दहा टन गहू भरलेल्या गाडीला घाटात जेव्हा ती लागते, तेव्हा चालकाचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली नक्षी ही कायद्यानेही चालत नाही. नक्षीच्या खाचांत तेवढ्या उंचीचे खुणेचे उंचवटे मुळातच असतात, ते सपाटीला आले की टायर उतरवावे. स्टेपनीला चोरीच्या भयाने साखळी-कुलूप लावतात हे योग्यच. मात्र किल्ली रजेवर गेलेल्या चालकाच्या खिशात नसावी! छोटा हत्ती बाळगणाऱ्या बंधूंना मात्र, चारही टायरे एकसारखी असल्याने, पाच चाकांचा फेर पूर्णपणे लागू पडतो. त्यांची धावही रोजची असते. त्यांनी तो अवश्य करावा.

ज्यांना हा क्रम पाळायचा आहे त्यांनी रोजमेळाशेजारी एक लहान वही ठेवावी. प्रत्येक टायरच्या आतील कडेवर खडूने न लिहिता तापविलेल्या खिळ्याने वगैरे खूण करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तसे मुळीच करू नये, टायर जायबंदी होते. टायरचा छापील क्रमांक वहीत उतरवावा. तारीख, किलोमीटर आणि जागा लिहावी. आमचे मुनीम या नोंदी घसाऱ्याच्या खात्यालगत करतात आणि त्यात शब्दशः अर्थ आहे.

शेवटी नव्या गाड्या घेणाऱ्या तरुण मंडळींसाठी. केंद्र सरकारने २०२० साली नियमांत दुरुस्ती केली. नऊपेक्षा अधिक आसने नसलेल्या व साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारीत ट्यूबविरहित टायरे, हवेचा दाब दर्शविणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर स्टेपनी देण्याचे बंधन आता राहिलेले नाही. अशा गाड्या बाजारात आल्या आहेत. त्यांच्या मालकांपुढे आमचा हा सारा प्रश्नच उद्भवत नाही. त्यांच्या डिकीत एक लहान पंप आणि चिकट द्रवाची बाटली असते. खिळा लागून पडलेले छिद्र त्या द्रवाने बुजते. दगडाने कडेला चीर गेली तर बुजत नाही. खानदेशच्या वाटेवर वरचेवर जाणाऱ्यांनी गाडी ठरविण्यापूर्वी डिकी उघडून पाहावी व विक्रेत्यास हे विचारावे. ज्यांनी अशी गाडी आधीच घेतली आहे, त्यांनी ती बाटली काढून वाचावी. तिच्यावरही मुदतीची तारीख छापलेली असते.